बोरखडीतली दोन कुलपांची पेटी

मी बीड जिल्ह्यात दोनदा गेले. पहिल्यांदा बोलावलं म्हणून, दुसऱ्यांदा न बोलावता. दोन्ही फेऱ्या एकाच दुष्काळी उन्हाळ्यातल्या, मध्ये जेमतेम तीन आठवडे. पहिल्या फेरीबद्दल मी तेव्हाच एक लेख लिहिला होता. दुसऱ्या फेरीबद्दल आजवर कुणाला काही सांगितलेलं नाही.

आता इतक्या वर्षांनी दोन्हींबद्दल लिहायचं ठरवलं, तेव्हा आधी अनुसयाबाईंना पत्र टाकून विचारलं. त्यांनी नातीकडून उत्तर लिहून घेतलं: "लिवा. पन आमचं नको, तुमचं लिवा." म्हणून हे माझं आहे. गावाचं नाव बोरखडी असं घेतलं आहे, ते खरं नाही. माणसांची नावंही खरी नाहीत.

वडवणी

मी कुडाळची, शाळेत मराठी शिकवणारी बाई. पुण्याला बायकांच्या एका शिबिरात अनुसयाबाईंची ओळख झाली. पन्नाशीच्या, डोक्यावरून घट्ट पदर, बोलताना समोरच्याच्या हाताकडे बघायची सवय. चार दिवस आम्ही एका खोलीत राहिलो. पुढे वर्षभरानं त्यांचं पत्र आलं. गावात दोन वस्त्यांची भांडणं मिटवायचं काम चाललंय, बाया तयार झाल्यात, आता एक कागद करायचा आहे. "तुमचं अक्षर आन् भाषा दोन्ही बराबर हायत. सुट्टीत या."

मे महिन्यात गेले. वडवणीच्या स्टँडवर उतरले तो आठवडी बाजाराचा दिवस होता. आमच्याकडे बाजार म्हटलं की माशांचा वास, हिरव्या भाजीच्या जुड्या, ओले पाय. इथे पायाखाली नुसता फुफाटा. भाजीवाल्या चार-पाच, त्यांच्यापुढे कांदे आणि सुकलेली वांगी. गर्दी होती ती रिकामी टिपाडं विकणाऱ्याकडे आणि सोल, म्हणजे विहिरीचे जाड दोर, विकणाऱ्याकडे. विहिरींचं पाणी खाली गेल्यामुळे घरातले दोर पुरत नव्हते, म्हणून जो तो आणखी दोर घेत होता. पलीकडे बैल उभे होते. विकणारे पुष्कळ, घेणारे कुणी नाही. एक म्हातारा आपल्या बैलाच्या डोळ्यांवर हाताची सावली धरून उभा होता.

अनुसयाबाई मला शोधत आल्या. पहिलं वाक्य, "लई वाळल्या की तुमी." दुसरं, "इथं कुनी विचारलं तर म्हना, पाव्हनी हाय. कागदाचं बोलू नका."

बोरखडी

जीपमधून उतरून अर्धा तास चाललो. काळी जमीन इतकी उललेली, की भेगेत माझी छत्री मुठीपर्यंत गेली. बालाघाटाचे डोंगर लांब, धुरकट, एकही झाड अंगावर नसल्यासारखे. गाव उंचवट्यावर. खाली ओढ्याच्या पलीकडे मेंढपाळ धनगरांची वस्ती, पंधरा-वीस झोपड्या आणि मेंढरांचे वाडे.

घराच्या दारात अनुसयाबाईंच्या सुनेनं तांब्या पुढे केला. आमच्या कोकणात पाहुणा आला की आधी पाय धुवायला पाणी. मी तांब्या घेतला आणि सगळा पायांवर ओतला. बरं वाटलं. वर बघितलं तर सून त्या ओल्या दगडाकडे बघत होती. ते पाणी आम्हा तिघींना रात्रीपर्यंत प्यायला ठेवलेलं होतं. तिनं रिकामा तांब्या उचलून आत नेला. मला कळलं ते संध्याकाळी, शेजारच्या घरातून उसना तांब्या आला तेव्हा. दुसऱ्या दिवसापासून मी घमेल्यात बसून, दीड तांब्यात अंघोळ करायला शिकले. ते घमेल्यातलं पाणी म्हशीला जायचं, म्हणून साबण नाही.

जेवण साधं आणि झणझणीत. ज्वारीची भाकरी, येसराची आमटी, ठेचा. भात खाणाऱ्या माझ्या पोटाला दोन दिवस कळेना काय चाललंय. तिसऱ्या दिवशी त्यांनी माझ्यासाठी मुद्दाम भात टाकला. भाताला किती पाणी लागतं ते तोवर मला कळलं होतं, पण तांदूळ चुलीवर चढले होते.

गावात जिवंत विहीर एकच, बापूंच्या मळ्यातली. बापू म्हणजे अनुसयाबाईंचे चुलत दीर, गावच्या विविध कार्यकारी सोसायटीचे चेअरमन, साठीचे, उंच. दर दोन दिवसांनी सरकारी टँकर यायचा आणि त्याच विहिरीत रिकामा व्हायचा. मग पोहरे सोडून ज्यानं त्यानं शेंदायचं. आधी गाव, उरलं तर वस्ती. आदल्या उन्हाळ्यात उरलंच नाही. वस्तीच्या बायांनी पोहरे सोडले, गावच्या माणसांनी दोर कापले. त्यातून मारामारी झाली. गावातल्या एकाच्या खांद्यात कुऱ्हाड बसली. बापूंच्या बाराबोर बंदुकीचे छर्रे वस्तीतल्या म्हाळूच्या भावाच्या मनगटात गेले. तो हात आता वळत नाही. भाऊ कातर धरायचा, मेंढरांची लोकर त्याच्या हातची मऊ निघायची म्हणे. केस झाली, मिटली, पण त्यानंतर घरोघर हत्यारं उशाला आली.

"आदी खुंटीला फक्त घोंगडी असायची," अनुसयाबाई म्हणाल्या. "आता कुनाच्या घरात काय टांगलंय ते बायांनाच ठावं. मंग म्या बायांनाच विचारलं."

गावातल्या काही बाया आणि वस्तीतल्या काही, अशी त्यांनी मंडळी जमवली होती. वर्षभर त्या कुठे लग्नात, कुठे छावणीत गुरांना चारा टाकताना भेटत राहिल्या. ठरलं ते असं: सोसायटीचं बियाण्यांचं गोदाम दुष्काळानं रिकामं पडलंय. त्यात एक लोखंडी पेटी ठेवायची. दोन्हीकडची हत्यारं पाऊस पडेपर्यंत त्या पेटीत. दोन कुलपं, एक किल्ली गावाकडे, एक वस्तीकडे. आणि विहिरीवर पोहरे एकाआड एक, गावची बाई, मग वस्तीची बाई. हेच सगळं मला कागदावर उतरवायचं होतं.

वस्तीवर

म्हाळू चाळिशीचा, बोलका नाही. त्याची बायको ठकूबाई मात्र बोलायला लागली की हातातलं काम थांबायचं नाही आणि तोंडही. आम्ही गेलो तेव्हा ती आजारी मेंढीच्या तोंडात गुळाचं पाणी घालत होती. मला म्हणाली, "तुमच्याकडं मेंढरं न्हाईत? मंग तुमी पांघरता काय?"

अनुसयाबाईंनी विषय काढला. म्हाळूनं कुऱ्हाड मांडीवर घेतली.

"अनसामाय, ही दिली तर पाला कशानं पाडू? मेंढरं काय तुझा कागद खातील?"

मला वाटलं संपलं. पण अनुसयाबाई जमिनीवर बसल्या, कुऱ्हाडीचा दांडा हातानं मोजला.

"इतका लांब दांडा पाल्याला लागतो का रे?"

म्हाळू दांड्याकडे बघू लागला.

"पाल्याला आकडी ठिव. कोयता ठिव. लांब दांड्याची तेवढी दे."

"आन् बापू बंदूक देतेत का?"

"देतेत."

"कधी बोलले?"

"अजून न्हाई बोलले," अनुसयाबाई म्हणाल्या. "उद्या बोलतेत."

ठकूबाई हसायला लागली. मग म्हाळूही. परत येताना मी विचारलं, बापू खरंच देतील? त्या म्हणाल्या, "म्हाळूला म्या खोटं सांगितलं न्हाई. उद्याचं सांगितलं."

बापूंचा ओटा

बापू ओट्यावर सुपारी कातरत बसले होते. वहिनी आल्या म्हणून उठून उभे राहिले. मला खुर्ची दिली, स्वतः खाली बसले. चहा आला, बिनदुधाचा. बराच वेळ त्यांनी मला कोकणातल्या पावसाबद्दल विचारलं. सलग चार दिवस पडतो का, पडताना झोप लागते का.

मग अनुसयाबाई म्हणाल्या, "बापू, आता तुमचंच राह्यलं."

त्यांनी अडकित्ता खाली ठेवला.

"वहिनी, म्या हवेत झाडली व्हती," ते म्हणाले. "समद्यांना तेच सांगितलं. पोलिसाला बी. पन हात खाली आला व्हता. कावून आला, मलाच ठावं न्हाई. त्या पोराच्या हाताकडं मला बघवत न्हाई."

अनुसयाबाईंनी पदर सारखा केला. मी कपाकडे बघत राहिले.

"बंदूक परवान्याची हाय, पेटीत टाकता येत न्हाई," ते पुढे म्हणाले. "म्या सोता ठाण्यात नेऊन जमा करतो. पावती तुमच्याकडं देतो. पन एक हाय. पावसानंतर सोसायटीचं इलेक्शन हाय. समोर भावकीच हाय माझी. ह्यातला शबूद गावाबाहेर गेला, तर मला माजलगावच्या आडतीवर तोंड दाखवता येनार न्हाई. म्हनतील, धनगराला भिऊन बंदूक ठिवली."

"न्हाई जात," अनुसयाबाई म्हणाल्या आणि माझ्याकडे वळल्या. "बाई, तुमी पेपरात लिवता म्हनून सांगते. पाऊस पडंस्तवर एक अक्षर न्हाई."

मी म्हटलं, "शब्द दिला."

बापूंनी मला हात जोडले. माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठ्या माणसानं.

गोदाम

त्यांनी बंदूक दुसऱ्याच दिवशी नेली, गोणपाटात गुंडाळून, एसटीनं, एकट्यानं. पावती अनुसयाबाईंच्या देवघरात गेली.

त्यानंतरच्या सकाळी गोदाम उघडलं. त्याला दोन दारं होती. गावची माणसं रस्त्याकडच्या दारानं येणार, वस्तीची ओढ्याकडच्या दारानं, म्हणजे आधी कोण आलं हा प्रश्नच नको. कोण येईल की नाही, हेच मुळात माहीत नव्हतं. अनुसयाबाई पेटीशेजारी बसल्या. मी कागद घेऊन बाजूला.

पहिल्या आल्या त्या बाया. मग त्यांच्या मागून माणसं, तोंडं वळवून. लांब दांड्याच्या कुऱ्हाडी, दोन तलवारी, एक बरचा, एक सायकलच्या साखळीचं काहीतरी केलेलं. प्रत्येकाला चिंधी बांधून तिच्यावर नाव. नावं मी लिहिली. खांद्याला कुऱ्हाड लागलेला गावकरी आला आणि त्याच वेळी म्हाळूचा भाऊ दुसऱ्या दारानं आला. दोघं पेटीच्या दोन बाजूंना उभे. भावाला एका हातानं चिंधीची गाठ मारता येईना. गावकऱ्यानं क्षणभर बघितलं, मग पुढे होऊन गाठ मारून दिली. दोघं आपापल्या दारानं गेले.

त्या दिवशी टँकर आला तेव्हा मी विहिरीवर होते. एक पोहरा गावचा, एक वस्तीचा. पहिल्यांदा दोर एकमेकांत अडकले, ओरडाओरड झाली, आणि कुणीतरी म्हणालं, "अगं, जरा तिकडं सरक की." एवढंच. मग शेंदत राहिल्या. ठकूबाईनं भरलेली घागर डोक्यावर घेतली आणि मला डोळा मारला.

मी पेटीचा फोटो काढला होता. कुणाला कळू नये म्हणून माणसं निघून गेल्यावर, कुलपं लागायच्या आधी. तेव्हाच मनात काय होतं ते आता मला कळतं.

कुडाळ

घरी आले त्या दिवशी मी अर्धी बादली पाणी पायांवर ओतलं आणि तिथेच उभी राहिले. नंतर जो तो विचारायचा, काय बघितलंस तिकडे? मी सांगायची. सांगताना ऐकणाऱ्यांचे चेहरे बदलायचे. एकजण तर रडली. रविवारच्या पुरवणीसाठी मी अधूनमधून लिहायची. तिथले संपादक म्हणाले, हे लिहाच, अशा बातम्या कुठे येतात आजकाल?

मी स्वतःला पटवलं. आमचा पेपर कोकणातला, बीडला कोण वाचणार? गावाचं नाव घातलं नाही, माणसांची नावं बदलली. पण वडवणीच्या बाजारातून जीप, ओढ्यापलीकडची वस्ती, सोसायटीचे उंच चेअरमन, बाराबोर बंदूक, ठाण्यातली पावती, सगळं जसंच्या तसं लिहिलं. "हात खाली आला होता" हेसुद्धा लिहिलं. तेच वाक्य लेखात सगळ्यांत चांगलं झालं होतं. ते काढवेना. आणि सोबत पेटीचा फोटो, चिंध्यांवरची नावं वाचता येतील असा.

लेख गाजला. मला पत्रं आली. आठवड्याभरात तो दुसऱ्या एका पेपरानं उचलून छापला, तो मराठवाड्यात जायचा. मला ते कळलं तेव्हा, खोटं कशाला सांगू, आधी आनंदच झाला.

मग पोस्टकार्ड आलं. सुनेचं अक्षर. "बाई, तुमचं वाचलं. विहिरीला कुंपन पडलं. इकडं सर्व ठीक न्हाई. तुमची अनुसया."

शाळा उघडायला चार दिवस होते. मी निघाले.

पुन्हा बोरखडी

पाऊस अजून नव्हता. ढग यायचे, थांबायचे, जायचे. दारात सून होती. तिनं तांब्या पुढे केला. मी दोन घोट पिऊन परत दिला. आत अनुसयाबाई बसल्या होत्या, डावं मनगट प्लॅस्टरमध्ये.

"कुनी मारलं न्हाई," माझं तोंड बघून त्याच आधी बोलल्या. "ढकलाढकलीत पडले."

हळूहळू कळलं. बापूंच्या भावकीतल्या विरोधकांनी लेख माजलगावच्या आडत बाजारात भिंतीवर चिकटवला. कुणी मोठ्यानं वाचून दाखवला. दुसऱ्या सकाळी बापूंच्या दारात कुणीतरी बांगड्यांचा डबा ठेवून गेलं. त्यातच पेपरात छापलेलं ते वाक्य. हवेत झाडली असं पोलिसांना सांगणाऱ्या माणसानं दुसरंच कबूल केलं म्हणून मिटलेली केस उकरायची भाषा सुरू झाली. बापूंच्या मुलांनी विहिरीला काटेरी कुंपण घातलं. बापू अनुसयाबाईंकडून पावती मागून घेऊन ठाण्यात गेले आणि बंदूक घेऊन आले. ते ऐकून वस्तीची माणसं आपली हत्यारं न्यायला गोदामाकडे आली आणि गावची माणसंही आली. अनुसयाबाई पेटीवर जाऊन बसल्या. पहारीनं कुलपं तोडली गेली, दोन्ही. ढकलाढकलीत त्या दारापर्यंत रेटल्या गेल्या, पायरीवरून खाली पडल्या आणि हाडाचा आवाज झाला. तेवढ्यानं सगळे थांबले. ज्यानं त्यानं आपली चिंधी शोधून आपलं उचललं आणि गेले. उजाडताच वस्ती उठली. मेंढरं, कुत्री, पालं, सगळं घेऊन माजलगावकडे, धरणाच्या अंगाला.

"गोदामात रगत सांडलं न्हाई," त्या म्हणाल्या. "तेवढं बरं झालं."

मी रडले. त्यांनी उजवा हात माझ्या पाठीवर ठेवला. पण "जाऊ द्या" म्हणाल्या नाहीत. मी वाट बघत होते, त्या म्हणतील. नाही म्हणाल्या.

मी म्हटलं मला बापूंकडे जायचंय. त्या आल्या नाहीत. "तुमचं तुमी जावा."

बापू त्याच ओट्यावर होते. या वेळीही उठून उभे राहिले, या वेळीही खुर्ची दिली. मी पाया पडायला वाकले तर मागे सरले.

"बाई, तुमी खोटं कायच लिवलं न्हाई," ते म्हणाले. "म्या दोनदा वाचून घेतलं. समदं बराबर व्हतं. पन ते सांगायचं का न्हाई, हे माझ्याकडं व्हतं ना? त्या पोराला म्या सोता सांगनार व्हतो. पाऊस झाला की वस्तीवर जाऊन. मनाची तयारी चालली व्हती. आता त्याला पेपरानं सांगितलं."

मी म्हटलं, मी पुन्हा लिहिते, माझी चूक झाली म्हणून छापते.

ते पहिल्यांदाच हसले, थकलेलं. "आता आनखी लिवू नका."

आतून बिनदुधाचा चहा आला. मी प्यायले. माझ्या आयुष्यातला तो सगळ्यांत अवघड चहा.

निघताना अनुसयाबाई वेशीपर्यंत आल्या. पुन्हा बाया जमवायला लागणार, म्हणाल्या, पहिल्यापासून. आता कुणी लवकर विश्वास ठेवायचं नाही. मी विचारलं, मी येऊ का? त्यांनी माझ्या हातांकडे बघितलं.

"म्या बोलावते," त्या म्हणाल्या. त्यांनी कधी बोलावलं नाही.

माजलगाव

सरळ परत जाता आलं असतं. मी माजलगावला गेले.

तासाभराच्या प्रवासात देश बदलल्यासारखं वाटलं. सिंदफणेवरच्या धरणाचं पाणी जिथवर पोचतं तिथवर ऊस, हिरवागार, बांधाला खेटून. रस्त्याकडेला सहकारी कारखान्याची जाहिरात, आडतीवर पोत्यांच्या थप्प्या, हॉटेलात दुधाचा चहा. बोरखडीची माणसंही सोसायटीचीच सभासद. पण पाटाचं पाणी ज्याच्या शेताशी आलं त्याचा सहकार निराळा आणि रिकाम्या गोदामाचा सहकार निराळा, हे मला त्या रस्त्यावर दिसलं. माझ्या लेखात हे कुठे नव्हतं. मी पेटीतच गुंतले होते.

धरणाच्या पाण्याच्या कडेला, पाणी मागे हटून गाळ उघडा पडला होता तिथे, मला पालं दिसली. कळप बराच लहान वाटला. ठकूबाई एका मेंढीचे खूर साफ करत होती. मला बघून ती उठलीच.

"बाई! तुमी कशा इकडं?"

तिनं पोतं अंथरलं, पाणी दिलं, पुष्कळ पाणी, लोटा भरून. म्हाळू रानात गेला होता. वाटेत मेंढरं मेली, ती सांगू लागली, उसाच्या कडेनं चालताना मळेवाले हाकलायचे, पाटाला तोंड लावू द्यायचे नाहीत. गाभण होत्या त्या आधी गेल्या. मग तिला एकदम आठवलं.

"तुमी आमचं पेपरात छापलं म्हनं! आमच्या ह्यांना कुनी तरी वाचून दावलं. लई बरं केलं बाई. आमचं कोन छापतंय?"

तिला माहीत नव्हतं. गावात भांडण पेटलं, विहीर बंद झाली, वस्ती उठली, हे सगळं तिनं अंगावर घेतलं होतं. त्याची सुरुवात कुठून झाली ते मात्र तिच्यापर्यंत पोचलं नव्हतं. किंवा पोचूनही तिनं ते मला जोडलं नव्हतं. मी गप्प बसू शकले असते. ती चहाला पाणी ठेवायला उठली होती.

"ठकूबाई, बसा," मी म्हटलं. "विहीर माझ्यामुळे बंद झाली."

ती बसली. मी सगळं सांगितलं. शब्द दिला होता ते. बापूंचं वाक्य मी कसं लिहिलं ते. चिंध्यांवरची नावं. ती मेंढीचा पाय हातात धरून ऐकत होती. मेंढी पाय ओढत होती, ती सोडत नव्हती.

माझं बोलणं संपल्यावर तिनं विचारलं, "मंग कावून लिवलं?"

रागानं नाही. खरंच कळून घ्यायचं होतं तिला.

"मला वाटलं, फार चांगलं झालंय," मी म्हटलं. "लोकांना कळावं."

तिनं मेंढीचा पाय मांडीवर ओढून घेतला.

"आमाला कळलं व्हतं की, बाई," ती म्हणाली, आणि पुन्हा खुरातली माती काढू लागली.